उकिरड्याचे अनुदान आणि माळावरची अंडी

(विश्रांतवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

या अभ्यासवर्गासाठी मला जो विषय देण्यात आला, तो ‘अनुदाने आणि त्यांची किंमत’ असा आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला असा विषय दिला म्हणजे तो खते, वीज आणि साखर यांच्या आकडेवारीत शिरणार, अशी संयोजकांची अपेक्षा असावी आणि ती रास्तही आहे. परंतु आज मी ज्या अनुदानाविषयी बोलणार आहे, त्याची तरतूद कोणत्याही अर्थसंकल्पात सापडणार नाही. त्यावर कोणत्याही सभागृहात चर्चा झालेली नाही, कोणी त्याची मागणी केलेली नाही आणि तरीही ते वर्षाचे ३६५ दिवस अखंडपणे वाटले जाते. हे अनुदान आपली शहरे कावळ्यांना आणि घारींना देतात. त्याची किंमत मोजतात ते उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी.

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित मला दिसते आहे. माणसांचे प्रश्न संपले काय, म्हणून आता प्राध्यापक पक्ष्यांकडे वळले, असा त्याचा अर्थ मी घेतो. हा आक्षेप टाळण्याचा माझा विचार नाही. त्याचे उत्तर मी यथाक्रम देईन. तूर्त एवढेच म्हणतो की, निसर्गाचा अर्थव्यवहार आणि माणसांचा अर्थव्यवहार यांच्या वह्या वेगळ्या ठेवण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ज्यांना खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा असतो त्यांच्या ती पथ्यावर पडते.

आपण बसलो आहोत तो परिसरच प्रथम पाहा. आळंदीहून पुण्याकडे येणारी पालखी ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावरची ही विश्रांतवाडी. एका बाजूस कळस, दुसरीकडे धानोरी, पलीकडे लोहगावचा विमानतळ आणि दिघीच्या टेकड्या. आज जिथे इमारतींच्या रांगा दिसतात, तिथे काही दशकांपूर्वी कुसळी गवताचे माळ होते. दख्खनच्या पठारावरील अशा माळांना सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणतात. महसुलाच्या दृष्टीने जे पिकत नाही ते पडीक, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. वस्तुतः या माळांवर टिटवी, माळटिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी, तित्तिर, लावा आणि रातवा अशा कितीतरी पक्ष्यांचे संसार चालतात. यांतला एकही पक्षी झाडावर घरटे बांधत नाही. जमीन हेच त्यांचे घर आणि गवत हेच त्यांचे छप्पर.

टिटवीचे उदाहरण घेऊ, कारण ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत केव्हातरी ती जमिनीवरच्या किंचित खोलगट जागी, खड्यांच्या मधोमध, बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा आणि त्यावर काळपट ठिपके. दोन हातांवर उभे राहूनही ती आपल्याला दिसत नाहीत. सुमारे चार आठवडे नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. वैशाखातल्या उन्हात ती उबवण्यापेक्षा थंड राखणेच अधिक कठीण, म्हणून हे पक्षी पाण्यात पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी वाचवतात. शत्रू जवळ आला तर त्यांच्याजवळ दोनच साधने असतात. एक म्हणजे अंड्यांचा मातीत मिसळून जाणारा रंग आणि दुसरे म्हणजे आरडाओरडा. मुंगूस, कोल्हा, घोरपड आणि साप यांच्याविरुद्ध या साधनांनी हजारो वर्षे निभाव लागला. काही अंडी जात, काही राहत, आणि वंश चालू राही.

आता कावळ्याकडे वळू. गावकावळा हा माणसाच्या वस्तीला इतका चिकटलेला पक्षी आहे की, माणसाविना त्याची कल्पनाच करता येत नाही. त्याला धान्य चालते, शिळी पोळी चालते, मेलेला उंदीर चालतो, कोंबडीच्या दुकानामागे टाकलेली आतडी चालतात आणि दुसऱ्या पक्ष्याची अंडीही चालतात. तो हुशार आहे. दोन कावळे मिळून एकाने टिटवीला हुलकावणी द्यायची आणि दुसऱ्याने अंडे उचलायचे, हा त्यांचा व्यवहार पक्षिनिरीक्षकांना परिचित आहे. शिवाय उन्हाळ्यात माळावर अंडी असतात, त्याच सुमारास कावळ्याचीही पिल्ले घरट्यात असतात आणि वाढत्या पिल्लांना नुसत्या पोळीच्या तुकड्यांवर भागत नाही. घार मुख्यतः मेलेल्यावर आणि टाकलेल्यावर जगते. पण उघड्यावर फिरणारे टिटवीचे किंवा तित्तिराचे पिल्लू दिसले तर तीही ते सोडत नाही. दिल्लीत घारींच्या घरट्यांची दाटी किती आहे, याचा अलीकडच्या काळात बारकाईने अभ्यास झाला आहे. शिकारी पक्ष्यांची एवढी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. उघडा कचरा आणि माणसांनी टाकलेले मांस ही त्या दाटीची कारणे अभ्यासकांनी दाखवून दिली आहेत.

मित्रहो, एवढ्यावर कोणी म्हणेल, कावळा अंडी खातो यात नवीन ते काय? भक्षक आणि भक्ष्य हा खेळ सृष्टीच्या आरंभापासून चालू आहे. हे खरे आहे. पण त्या खेळाचा एक नियम आहे आणि आपण तो नियमच मोडला आहे. तो नियम समजून घेण्यासाठी थोडे इटलीकडे जावे लागेल.

व्हितो व्होल्तेरा नावाचे थोर गणिती रोमच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे जावई उंबेर्तो द’आंकोना यांनी आड्रियाटिक समुद्रातील मासळीबाजारांचे आकडे तपासले, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मासेमारी मंदावली होती आणि त्याच वर्षांत बाजारात येणाऱ्या मासळीमध्ये इतर माशांवर जगणाऱ्या भक्षक माशांचे प्रमाण वाढले होते. असे का व्हावे, या प्रश्नाचे गणिती उत्तर व्होल्तेरांनी १९२६ साली मांडले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनीही स्वतंत्रपणे तशीच समीकरणे मांडली होती. त्यांचा मथितार्थ असा की, भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात. भक्षक वाढले की भक्ष्य घटते. भक्ष्य घटले की भक्षक उपाशी पडून घटतात. आणि मग भक्ष्याला पुन्हा सवड मिळते. दोघांचा लगाम एकमेकांच्या हाती असतो. (जाता जाता सांगतो, १९३१ साली मुसोलिनीच्या राजवटीने इटलीतील सर्व प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. बाराशेच्या वर प्राध्यापकांपैकी ज्या जेमतेम डझनभरांनी ती नाकारली, त्यांत व्होल्तेरा होते. त्यापायी त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. विद्वत्ता आणि कणा ही एका माणसात नांदू शकतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे.)

आता या समीकरणात उकिरडा घालून पाहा. समजा, एका माळावर टिटव्यांची शंभर घरटी आहेत आणि त्या माळावर पोट अवलंबून असलेले काही कावळे आहेत. घरटी शंभरांवरून दहांवर आली, तर एरव्ही कावळ्यांची उपासमार होईल, ते कमी होतील किंवा दुसरीकडे जातील आणि उरलेल्या दहा घरट्यांना जीवदान मिळेल. परंतु त्या कावळ्यांचे रोजचे पोट शेजारच्या कचऱ्याच्या ढिगावर भरत असेल तर? मग घरटी शंभर असोत की दहा, कावळे तेवढेच राहतात. अंडे ही त्यांची भाकरी उरत नाही, ती तोंडी लावणी होते. अकराव्या घरट्यासाठी जेवढे डोळे माळ धुंडाळतात, तेवढेच शेवटच्या घरट्यासाठीही धुंडाळतात. भक्ष्य शून्यावर गेले तरी भक्षकाचे काहीही बिघडत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, ज्या व्यापाऱ्याचा तोटा सरकार भरून देते, तो आपल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला वाटेल तेवढा काळ झुंजवू शकतो. पक्षिशास्त्रज्ञही अशा प्राण्यांना ‘अनुदानित भक्षक’ असेच म्हणतात. शब्द त्यांचा आहे, पण आशय आपल्या ओळखीचा आहे.

असे प्रत्यक्ष घडते याचे पुरावे जगात अनेक ठिकाणी मिळतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात डोमकावळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा ‘रेव्हन’ नावाचा पक्षी आहे. वाळवंटात पाणी कमी, अन्न कमी, म्हणून तो पूर्वी मोजकाच होता. पुढे वसाहती आल्या, कचऱ्याचे डेपो आले, कालव्याचे पाणी आले आणि घरटी बांधायला विजेचे मनोरे आले. काही दशकांत रेव्हनची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्याच्या घरट्याखाली वाळवंटी कासवांच्या पिल्लांच्या फोडलेल्या कवचांचे खच सापडू लागले. आणखी उत्तरेकडच्या माळरानांवर सेज ग्राउज या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याची घरटी हाच रेव्हन लुटतो. वाळवंटात टाकलेला एक खांब आणि एक कचरापेटी यांचे परिणाम कुठवर पोचतात, ते यावरून दिसते.

दुसरे उदाहरण तर आपल्याच गावकावळ्याचे आहे. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी तो झांजिबारला नेला, तो बिनपगारी झाडूवाला म्हणून. शहरातली घाण खाईल, नगरपालिकेचा खर्च वाचेल, असा हिशोब होता. त्याने घाण खाल्ली, संख्या वाढवली, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला आणि तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी व पिल्ले फस्त करू लागला. अनेक वर्षे विषप्रयोग झाले. ते थांबताच संख्या पुन्हा वाढली. २०२४ साली केनियाच्या वन्यजीव खात्याला दहा लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर करावी लागली. सफाईचा खर्च वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर शतकानंतर किती महागात पडली, याचा धडा प्रत्येक महापालिकेने गिरवण्यासारखा आहे.

आपल्या देशात या प्रकरणाला आणखी एक पदर आहे, तो गिधाडांचा. गुरांच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने मेलेल्या गुरांचे मांस गिधाडांना विषारी ठरले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाड हा मेलेले खाणारा पक्षी. तो टिटवीच्या अंड्याच्या वाटेला जात नाही. त्याने सोडलेली जागा मोकळी राहिली नाही. भटकी कुत्री, कावळे आणि घारी यांनी ती घेतली आणि हे सारे मेलेलेही खातात व जिवंतही धरतात. म्हणजे निरुपद्रवी सफाई कामगाराला आपण घालवले आणि त्याचे काम लुटारूंच्या हाती दिले. माणसांनाही त्याची किंमत मोजावी लागली. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्यू पावली. उघड्यावर कुजणारे मांस, दूषित पाणी आणि कुत्र्यांमुळे पसरणारा रेबीज या मार्गांनी हे घडले. पक्ष्यांचा प्रश्न आणि माणसांचा प्रश्न यांच्यामध्ये रेषा ओढणे किती अवघड आहे, हे यावरून कळेल.

महाराष्ट्रात या साऱ्याचा सर्वांत करुण बळी म्हणजे माळढोक. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. त्यात शेते, गावे, बाजारपेठा असे सारे येत असल्याने लोकांची अडवणूक झाली, रोष वाढला आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत खाली आणण्यात आले. लोकांना विश्वासात न घेता कागदावर आखलेल्या संरक्षणाचे जे व्हायचे, तेच झाले. १९६९ मध्ये देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेच्या आसपास आहेत आणि बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजच्या माळावर एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते. शिकार, माळांची नांगरट आणि विजेच्या तारा ही या ऱ्हासाची मोठी कारणे आहेत, हे निःसंशय. परंतु ज्या पक्ष्याची मादी बहुधा एका खेपेस एकच अंडे देते आणि तेही उघड्या जमिनीवर, त्याच्या बाबतीत शेवटचा घाव कोण घालतो, याचाही विचार करावा लागतो. जैसलमेरच्या परिसरात २०१९ पासून माळढोकाची अंडी रानातून उचलून संवर्धन केंद्रात उबवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. कुत्री, कोल्हे, घोरपडी आणि रेव्हन यांच्यापासून रानातले अंडे वाचेल याची शाश्वती राहिली नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे. शेकडो पक्षी असताना जे नुकसान पचते, ते दीडशे उरल्यावर पचत नाही. दुबळ्याचे दिवाळे छोट्या कर्जानेही निघते, हे आपल्या शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको.

आता मी त्या आक्षेपाकडे येतो. कावळ्यांना पोसणारा हा ढीग असतो कुठे? तो कोरेगाव पार्कच्या मधोमध नसतो. पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो आणि त्याचा मोठा भाग ओला, म्हणजे अन्नाचा असतो. वर्षानुवर्षे तो उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. विहिरी नासल्या, दुर्गंधीने जगणे नकोसे झाले आणि तिथल्या ग्रामस्थांना पुनःपुन्हा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. शहर वाढले की नवा डेपो शोधला जातो आणि नजर जाते ती कुठल्यातरी गावच्या गायरानावर. कारण गायरान कोणा एकाचे नसते; म्हणून ते कोणाचेच नाही, असे मानणे सोयीचे असते. वास्तविक तिथे धनगराची मेंढरे चरतात, गावातल्या भूमिहीनांची शेळी चरते आणि तिथेच धाविक व माळटिटवी अंडी घालतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्या जमिनींवर भूमिहीनांचा हक्क मान्य करताना ज्या शासनाने हात आखडला, तेच शासन शहराच्या उकिरड्यासाठी तीच जमीन सढळ हाताने देते. तेव्हा माणसांचे प्रश्न सोडून मी पक्ष्यांकडे वळलेलो नाही. उकिरड्याच्या एका बाजूला फुरसुंगीचा शेतकरी उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला टिटवी. दोघांवर खर्च टाकणारा हात एकच आहे.

कायद्याला हे कळत नाही असेही नाही. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने, विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आत जनावरे कापण्यास आणि पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकण्यास बंदी घातली. लोहगावच्या धावपट्टीपासून आपली विश्रांतवाडी, धानोरी, कळस ही सारी वस्ती त्या दहा किलोमीटरांच्या आत येते. उघड्या कचऱ्याने घारी गोळा होतात आणि त्या विमानाच्या इंजिनात शिरतात, हे कार्यकारणभावाचे ज्ञान राज्यकर्त्यांना अनेक वर्षांपासून आहे. विमानासाठी जे सत्य मानले, ते माळासाठीही मानावे, एवढीच आपली मागणी आहे. आणि विमानासाठी तरी ते कितपत पाळले जाते, हे आपल्या भागातील कोंबडीच्या दुकानांमागची जागा आणि नाल्याचा काठ पाहून आपणच ठरवा.

यावर उपाय काय? काही लोक लगेच कावळे मारण्याची भाषा बोलू लागतील. तो मार्ग चुकीचा आहे आणि निष्फळही आहे. पूर्व आफ्रिकेत विष घालून जे साधले नाही, ते इथेही साधणार नाही. उकिरडा जिवंत असेल तर मेलेल्या कावळ्याची जागा दुसरा घेईल. कावळा दोषी नाही. ताटात वाढलेले तो खातो. दुसरे काही लोक धर्माच्या रीतींकडे बोट दाखवतील. पितृपक्षात आपण कावळ्याला घास ठेवतो, जुन्या दिल्लीत घारींना मांस टाकण्याची रीत आहे. यांतल्या एका रीतीवरून दुसऱ्या समाजाला झोडपण्याची संधी साधणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत. रीतींचा विचार त्या त्या समाजाने जरूर करावा. पण दर्भावर ठेवलेला घास आणि रोजचे शेकडो टन अन्न यांच्यातले प्रमाण ज्याला दिसत नाही, त्याचा हेतू टिटवी वाचवण्याचा नसतो.

उपाय आहे तो अनुदान बंद करण्याचा. ओला कचरा जिथे निर्माण होतो तिथेच जिरवणे, कोंबडी आणि मासळीच्या दुकानांचा टाकाऊ भाग रोजच्या रोज बंद गाडीतून उचलणे, आणि उघडा ढीग कुठेही न ठेवणे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असे सांगितले. हे काम प्रत्यक्षात कोण करते? १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिच्या तीन हजारांहून अधिक सभासदांनी दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याची पद्धत या शहराला शिकवली. यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्याही दलित समाजातल्या. त्यांना हातमोजे, वर्गीकरणासाठी छप्पर, आजारपणाचे संरक्षण आणि पुरेसा मोबदला मिळणे, हा मजुरांच्या हक्काचा प्रश्न तर आहेच. पण त्या बाईने एक किलो ओला कचरा ढिगावर जाण्यापासून रोखला, म्हणजे माळावरच्या लुटीचे भांडवलही तेवढ्याने कमी केले. त्यांचे काम काढून मोठ्या कंत्राटदारांच्या गाड्यांना देण्याचे प्रयत्न जेव्हा जेव्हा होतील, तेव्हा विरोध करताना हा मुद्दाही आपण मांडला पाहिजे. कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात. कचरा कमी होण्यात त्याचे हित नसते.

दुसरा उपाय माळ वाचवण्याचा. पावसाळा आला की पक्ष, शाळा, कंपन्या असे सारेच वृक्षारोपणाला निघतात आणि मोकळा माळ दिसला की तिथे खड्डे खणतात. हेतू चांगला असतो. परंतु माळावर लावलेले झाड कावळ्याला बसायला जागा आणि घरटे बांधायला फांदी देते. त्या उंचीवरून त्याला खालचे प्रत्येक घरटे टेहळता येते. गवताळ माळ हा मोडलेला जंगलाचा तुकडा नव्हे, ती स्वतंत्र सृष्टी आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे आहे, पण चिंकारा आणि माळावरचे पक्षी तिथे टिकून आहेत. अकोला-वाशीम भागात, ज्यांना ब्रिटिशांनी गुन्हेगार जमात ठरवले होते त्या फासेपारधी समाजातील माणसे तणमोराच्या माळांची राखण करीत आहेत. माळ कसा राखावा हे जाणणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना योजनेत हक्काने स्थान दिले, तर १९७९ च्या अभयारण्यासारखी गत होणार नाही.

पंचतंत्रात टिटवीची एक गोष्ट आहे. समुद्राने तिची अंडी नेली, तेव्हा एकटी टिटवी काही करू शकली नाही. तिने सारे पक्षी जमवले, ते गरुडाकडे गेले, गरुडाने विष्णूला साकडे घातले आणि समुद्राला अंडी परत करावी लागली. आपण लहानपणी ती गोष्ट टिटवीच्या धिटाईची म्हणून ऐकली. मला ती आता संघटनेची गोष्ट वाटते. मात्र आजच्या टिटवीला गरुडाकडे जाता येत नाही आणि महापालिकेत तिला मतही नाही. ज्यांना मत आहे त्यांनी तिची बाजू मांडावी लागते.

म्हणून अभ्यासवर्गाच्या शेवटी तीन कामे आपल्यापुढे ठेवतो. पहिले, विश्रांतवाडी, धानोरी आणि कळस या भागांत उघड्यावर ओला कचरा आणि मांसाचे अवशेष कुठे पडतात, याची यादी येत्या महिन्यात करावी आणि विमानतळाच्या नियमाचा आधार घेऊन ती महापालिकेपुढे लेखी मांडावी. दुसरे, आपल्या भागातील कचरावेचक भगिनींच्या मागण्यांच्या यादीला ही यादी जोडावी आणि दोन्हींसाठी एकच शिष्टमंडळ न्यावे. तिसरे, ग्रामीण भागातील आपल्या शाखांनी गायरानावर कचरा डेपो येण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला ग्रामसभेत विरोध करावा आणि त्या ठरावात चराईच्या हक्काबरोबर तिथे अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची नावेही लिहावीत. ठरावात नाव आले की ते कागदावर येते. आणि कागदावर जे नाही, त्याची किंमत शून्य धरली जाते, हा आपल्या प्रशासनाचा रिवाज आहे.